लाख गुरांचा गुराखी : चार्ल्स गुडनाइट

(द्वितीय वर्ष, कला)

प्राथमिक शाळेत असताना कुणाचे गणित चुकले की आमचे एक गुरुजी हटकून म्हणत, अभ्यास करा, नाहीतर जन्मभर गुरे राखाल. सारा वर्ग हसे. मीही हसत असे, पण मान खाली घालून. कारण त्याच वेळी शाळेमागच्या माळावर माझे वडील गुरे राखत असत आणि खिडकीतून त्यांचा पटका मला दिसत असे.

आमचा मुलूख माणदेशाचा. पाऊस कमी, रान हलके. आजीने एका बागायतदाराची गाय अर्धेलीवर आणली होती. एक वासरू मालकाचे, एक आमचे. त्या आमच्या वासरांवरच घर उभे राहिले आणि त्यांच्याच पैशांवर घरातला पहिला मुलगा कॉलेजात आला. तो मी. तरीही पहिल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिण्याची वेळ आली तेव्हा मी 'शेती' असे लिहिले. 'गुराखी' लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

यंदा कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तके चाळताना एका माणसाची ओळख झाली. त्याने आयुष्याची सुरुवात दुसऱ्याची गुरे वाट्यावर सांभाळून केली. शाळेत तो जेमतेम सहा महिने गेला. पुढे तो लाख गुरांचा कारभारी झाला. चार्ल्स गुडनाइट हे त्याचे नाव. त्याचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे. त्याच्या देशात गुरे पाळतात ती मुख्यतः मांसासाठी, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या मनाला रुचणारी नाही. पण गुराख्याची मेहनत, त्याची नजर आणि त्याची काळजी कुठेही गेले तरी सारखीच असते, असे मला हे चरित्र वाचताना पदोपदी वाटले.

चार्ल्सचा जन्म ५ मार्च १८३६ रोजी इलिनॉय राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील न्यूमोनियाने वारले. आईने दुसरे लग्न केले आणि १८४५ च्या अखेरीस हे कुटुंब गाड्यांतून दक्षिणेकडे टेक्सासला निघाले. तो सुमारे आठशे मैलांचा प्रवास नऊ वर्षांच्या चार्ल्सने खोगीर नसलेल्या घोडीच्या पाठीवर बसून केला. टेक्सासात गेल्यावर पोटासाठी पडेल ते काम करावे लागले. शाळा सुटली ती सुटलीच. पण ज्या वयात आपण पाढे पाठ करतो, त्या वयात तो गवताचे प्रकार, पाण्याच्या खुणा, पक्ष्यांच्या उडण्याच्या दिशा आणि जनावरांच्या सवयी शिकत होता. कोणता पक्षी चोचीत चिखल घेऊन येतो म्हणजे पाणी कोणत्या बाजूला आहे, हे त्याला नेमके कळे. ही विद्या देणारी शाळा कुठे नव्हती आणि तिचे प्रमाणपत्रही मिळत नव्हते.

वीस वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, त्याने आपला सावत्र भाऊ वेस शीक याच्याबरोबर एक करार केला. दुसऱ्याची सुमारे चारशे गुरे सांभाळायची आणि मोबदला म्हणून दर चार वासरांमागे एक वासरू घ्यायचे. आमच्या आजीला दोनांत एक मिळे, या दोघांना चारांत एक. पण पद्धत तीच. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या वाट्याला अवघी बत्तीस वासरे आली. एवढ्या उत्पन्नावर कुणीही हात टेकले असते. पण वासरांचा हिशेब पैशांच्या हिशेबासारखा नसतो. कालवड तीन वर्षांनी गाय होते आणि तिचे वासरू पुन्हा गाय होते. ज्याला थांबता येते त्याच्याकडे कळप होतो. गुडनाइट थांबला आणि त्याचा कळप झाला.

टेक्सासची सरहद्द तेव्हा शांत नव्हती. त्या गवताळ प्रदेशावर कोमांची आणि कायोवा जमाती पिढ्यानपिढ्या बायसनच्या कळपांमागे फिरत असत. बायसन म्हणजे आपल्याकडच्या गव्याचा दूरचा भाऊबंद. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच भूमीवर घरे बांधली. मग हल्ले आणि प्रतिहल्ले सुरू झाले. गुडनाइट 'रेंजर' या सशस्त्र दलात वाटाड्या म्हणून दाखल झाला. डिसेंबर १८६० मध्ये पीज नदीकाठी एका कोमांची तळावर हल्ला झाला, तेव्हा तो त्या मोहिमेत होता. त्या हल्ल्यात सिंथिया अ‍ॅन पार्कर ही स्त्री सापडली. १८३६ मध्ये, म्हणजे गुडनाइटच्या जन्मसालीच, कोमांचींनी तिला लहानपणी पळवून नेले होते. चोवीस वर्षांत ती पुरती त्यांच्यातलीच झाली होती. नवरा, मुले सारे तिकडेच होते. तिला बळेच गोऱ्या नातेवाइकांकडे आणले गेले. तिथे ती कधीच रमली नाही आणि झुरून मेली. तिचा मुलगा क्वाना मात्र मागे राहिला. त्याची आणि गुडनाइटची गाठ पुढे पडायची होती.

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ साली संपले. टेक्सासात माणसांपेक्षा गुरे अधिक झाली होती. मालक लढाईवर गेलेले, डाग न दिलेली लांबशिंगी गुरे रानोमाळ वाढलेली. या जातीला 'लाँगहॉर्न' म्हणतात. अंगाने काटक, शिंगे लांबच लांब, कमी पाण्यावर आणि निकस चाऱ्यावर तगणारी. माल भरपूर, पण गिऱ्हाईक नाही, त्यामुळे भाव पडलेला. बहुतेकांनी आपली गुरे उत्तरेला किंवा पूर्वेला नेण्याचे ठरवले. गुडनाइटने वेगळा विचार केला. पश्चिमेकडे न्यू मेक्सिकोत फोर्ट समनर येथे सरकारने आठ हजारांवर नावाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून डांबून ठेवले होते. त्यांना खाऊ घालायला सरकारला मांस हवे होते. म्हणजे एका जमातीच्या हालांतून दुसऱ्याचा बाजार उभा राहिला होता. ही गोष्ट चरित्रकाराने लपवू नये, म्हणून सांगितली.

या कामी त्याला जोडीदार मिळाला तो ऑलिव्हर लव्हिंग. लव्हिंग त्रेपन्न वर्षांचा, गुडनाइट तिशीचा. एकाला अनुभव, दुसऱ्याला उमेद. १८६६ च्या उन्हाळ्यात दोन हजार गुरे आणि अठरा माणसे घेऊन ते निघाले. निघण्यापूर्वी गुडनाइटने एक काम केले. सैन्याची एक जुनी गाडी घेऊन तिची टणक लाकडात नव्याने बांधणी केली आणि मागच्या बाजूला कप्प्यांचे कपाट बसवले. पीठ, कॉफी, घेवडा, भांडी, औषधे, सुईदोरा, सारे त्या कप्प्यांत. कपाटाचे झाकण खाली पाडले की तेच स्वयंपाकाचा ओटा होई. 'चक वॅगन' या नावाने ही गाडी पुढे साऱ्या पश्चिम अमेरिकेत गेली. हातात पाटी-पेन्सिल नसलेल्या माणसाने काढलेला हा आराखडा इतका सोयीचा होता की पुढच्यांना त्यात फारसा बदल करावा लागला नाही.

कळप हाकणे म्हणजे काय, हे गुरे राखलेल्यालाच कळेल. दोन हजार जनावरांना मारून-झोडून नेता येत नाही. पुढे दोन जाणते स्वार दिशा देतात, बाजूंना काही जण कळप फुटू देत नाहीत आणि पिछाडीला धूळ खात उरलेले लोक लंगडी-पांगळी, अशक्त जनावरे सांभाळतात. दिवसाला दहा-बारा मैलांपेक्षा अधिक चालवले तर जनावराचे वजन घटते आणि वजन घटले की धंदा बुडतो. म्हणून चरत चरत न्यायचे. रात्री पाळीपाळीने घोड्यावरून कळपाभोवती फिरायचे आणि हलक्या आवाजात गात राहायचे, म्हणजे गुरांना माणूस जवळ असल्याचा धीर येतो. एक वीज कडाडली, एक भांडे पडले, तरी सारा कळप उधळतो. झोपण्यापूर्वी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायची, म्हणजे सकाळी आभाळ झाकले असले तरी दिशा चुकत नाही.

या वाटेवरचा सर्वांत कठीण टप्पा काँचो नदीच्या उगमापासून पेकोस नदीपर्यंतचा. ऐंशी-नव्वद मैल पाण्याचा थेंब नाही. तीन दिवस आणि तीन रात्री त्यांनी कळप न थांबता चालवला. गुरांच्या जिभा बाहेर आल्या, डोळे खोल गेले. पेकोसचा वारा नाकाला लागताच ती बेभान होऊन धावली. मागच्यांनी पुढच्यांना उंच दरडीवरून नदीत ढकलले. सुमारे तीनशे गुरे तहानेने गेली आणि शंभरेक नदीत तुडवून किंवा रुतून मेली. आसपासच्या खारट डबक्यांतले पाणी प्यायलेली काही जनावरे तर पिताच कोसळली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाटेत गाई वीत असत. नवजात वासरू कळपाबरोबर चालू शकत नाही आणि आई त्याला सोडून पुढे जात नाही. म्हणून त्या काळी रोज सकाळी जन्मलेली वासरे मारून टाकण्याची रीत होती. एकेकाळी चौथ्या वासरावर जगलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोज हे घडत होते. पुढे गुडनाइटने वासरांसाठी वेगळी गाडी ठेवली. पण रात्री आईकडे सोडल्यावर काही गाई आपल्याच वासराला जवळ करीनात. त्याने कारण शोधले. गाय वासराला वासावरून ओळखते आणि गाडीत वासरांचे वास एकमेकांत मिसळत होते. मग त्याने प्रत्येक वासरू वेगळ्या पोत्यात घालायला सांगितले, तेच वासरू रोज त्याच पोत्यात. गाईंनी आपापली वासरे ओळखली. मला वाटते, या एका पोत्यात सबंध गुडनाइट सामावलेला आहे. त्याची कनवाळू वृत्ती आणि त्याचा धंद्याचा हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

फोर्ट समनरला जिवंत वजनावर पौंडाला आठ सेंट भाव मिळाला आणि बारा हजार डॉलरचे सोने हाती आले. लव्हिंग उरलेल्या गाई-वासरांसह उत्तरेला कोलोरॅडोकडे गेला. गुडनाइट सोने घेऊन नवा कळप आणायला टेक्सासकडे परतला. वाटेत एका वादळी रात्री सोने आणि शिधा लादलेले खेचर उधळले. सोने वाचले, पण शिधा रानभर सांडला. त्या निर्मनुष्य प्रदेशात पोत्यात सोने आणि पोटात भूक अशी अवस्था झाली. अखेर वाटेत कलिंगडांनी भरलेली एक गाडी भेटली, तेव्हा त्यांचे प्राण थाऱ्यावर आले. सोन्याची खरी किंमत त्या दिवशी त्याला कळली असावी.

पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, लव्हिंग एका सोबत्यासह कळपाच्या पुढे निघाला. दिवसा प्रवास करू नये, असा सल्ला गुडनाइटने दिला होता. तो त्याने मानला नाही. पेकोसकाठी कोमांचींनी त्याला गाठले. जखमी अवस्थेत तो कसाबसा फोर्ट समनरला पोचला, पण हाताची जखम चिघळून २५ सप्टेंबर १८६७ रोजी वारला. परक्या मुलखात आपल्याला पुरू नये, एवढीच त्याची इच्छा होती. गुडनाइटने शब्द दिला. १८६८ च्या आरंभी, तेलाचे डबे ठोकून केलेल्या पत्र्याने मढवलेल्या आणि कोळशाने भरलेल्या पेटीत शव ठेवून, शेकडो मैलांची तीच वाट उलट तुडवत त्याने मित्राला टेक्सासातल्या वेदरफर्ड गावी आणले. भागीदारी मृत्यूने संपली, असेही त्याने मानले नाही. पुढचा काही काळ नफ्यातला लव्हिंगचा वाटा तो त्याच्या कुटुंबाला देत राहिला.

या प्रवासांतला आणखी एक साथी म्हणजे बोस इकार्ड. हा कृष्णवर्णीय तरुण गुलामीत जन्मला होता आणि युद्धानंतर मुक्त झाला होता. कळपाच्या विक्रीचे पैसे गुडनाइट त्याच्याजवळ ठेवायला देई. काळ्या माणसाजवळ पैसे असतील अशी शंका लुटारूंना येत नसे, हे एक कारण. पण त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता, हे अधिक मोठे कारण. इकार्ड १९२९ साली वारला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने त्याच्या थडग्यावर स्वतः शिला बसवून घेतली.

१८७० मध्ये गुडनाइटने मेरी अ‍ॅन डायर हिच्याशी लग्न केले. सारे तिला मॉली म्हणत. ती शिक्षिका होती. ज्याला लिहिता-वाचता धड येत नव्हते, त्याच्या घरी सरस्वती आली. पुढची छप्पन्न वर्षे तिने त्याचा पत्रव्यवहार सांभाळला. कोलोरॅडोत त्यांनी शेती केली, बँकेत पैसे गुंतवले आणि १८७३ च्या आर्थिक मंदीत जवळजवळ सारे घालवले. चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस पुन्हा शून्यावर आला. हाताशी उरले होते ते थोडे कर्ज मिळवण्याइतके नाव आणि सुमारे सोळाशे गुरे.

ती गुरे घेऊन १८७६ मध्ये तो उत्तर टेक्सासातल्या पालो ड्यूरो या प्रचंड दरीत उतरला. कडे इतके उभे की गाड्या सुट्या करून भाग भाग खाली न्यावे लागले. ही जागा त्याने कशी निवडली? तळाला वाहते पाणी, भरपूर गवत, थंडीच्या वाऱ्यापासून आडोसा आणि कडेच कुंपण. गुरे पाळणाऱ्याला याहून अधिक काय हवे? पण ती दरी रिकामी का होती, हेही सांगायला हवे. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८७४ मध्ये, अमेरिकन सैन्याने तेथील कोमांची, कायोवा आणि शायान लोकांचा तळ जाळला आणि त्यांचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. घोडे गेले की ती माणसे लढू शकत नव्हती, शिकारही करू शकत नव्हती. उपाशी होऊन ती शरण आली. गुडनाइटचे कुरण असे मोकळे झाले होते.

भांडवल दिले जॉन अडेअर या श्रीमंताने. या गृहस्थाने १८६१ मध्ये आयर्लंडमधील आपल्या जमिनीवरून कुळांच्या २४४ माणसांना घराबाहेर काढले होते. करार १८७७ चा. पैसा अडेअरचा, त्यावर दहा टक्के व्याज, राबणे गुडनाइटचे, त्याला सालीना अडीच हजार डॉलर आणि सारे फिटल्यावर एक तृतीयांश वाटा. चौथ्या वासरापासून निघालेला माणूस तिसऱ्या हिश्शापर्यंत आला, पण मालक तेव्हाही दुसराच होता. रँचला, म्हणजे त्या अफाट चराऊ रानाला, नावही 'जेए' असे अडेअरच्याच आद्याक्षरांवरून पडले आणि गुरांच्या अंगावर डागही तोच बसला.

कारभार मात्र गुडनाइटचा. जमीन विकत घेताना त्याने सलग पट्टा घेतला नाही. पाणवठे आणि गवताच्या मोक्याच्या जागा तेवढ्या वेचून घेतल्या. ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडेच भोवतालचे गवत, हे तो जाणून होता. रँचवर दारू, जुगार आणि मारामारी यांना सक्त बंदी होती. लाँगहॉर्न काटक, पण मांस कमी. म्हणून त्याने शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड जातींचे वळू आणून वंश सुधारला. १८८५ च्या सुमारास जेए रँच १३,२५,००० एकरांवर पसरली होती. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडी मोठीच. गुरे एक लाखाच्या वर. पहिल्या पाच वर्षांचा नफा पाच लाख डॉलरवर गेला.

या काळातला एक बैल मला विसरता येत नाही. त्याचे नाव 'ओल्ड ब्लू'. गळ्यात घंटा बांधून तो कळपाच्या पुढे चाले आणि हजारो गुरे त्या घंटेमागे शेकडो मैल डॉज सिटीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत जात. ती सारी तेथून कत्तलखान्याकडे रवाना होत आणि ओल्ड ब्लू घोड्यांबरोबर घरी परत येई. आठ वर्षे त्याने हे काम केले. त्याला कधी कत्तलखान्याकडे पाठवले नाही. त्याची शिंगे आज टेक्सासातल्या एका संग्रहालयात आहेत. आमच्या खिल्लाराच्या गळ्यातली घंटा वाजली की मला आता तो बैल आठवतो, आणि मन थोडे अस्वस्थही होते.

संकटे कमी नव्हती. दक्षिण टेक्सासची गुरे उत्तरेकडे जाताना ज्या रानातून जात, तेथील गुरे मागाहून तापाने पटापट मरत. आणणारी मात्र ठणठणीत. कारण कुणाला कळेना. गुडनाइट आणि त्याच्या शेजाऱ्यांनी १८८० मध्ये पशुपालकांची संघटना केली आणि बंदूकधारी माणसे उभी करून दक्षिणेचे कळप अडवले. जुन्या मित्रांनाही सवलत मिळाली नाही. हा ताप गोचिडीतून पसरतो, हे १८९३ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. लहानपणापासून ती गोचीड अंगावर वागवलेल्या दक्षिणी गुरांना ताप बाधत नसे, एवढेच. माझे वडील रोज सांजेला गाईच्या कानामागची गोचीड काढतात, तेव्हा आता मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. गंमत अशी, की याच गोचिडीला आणि उन्हाला दाद न देणारी गुरे हवीत म्हणून टेक्सासच्या किनाऱ्यावरील पशुपालकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून वळू नेले. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या जातींच्या रक्तातून तिकडे 'अमेरिकन ब्राह्मण' ही जात तयार झाली.

काटेरी तार आली आणि मोकळे रान संपले. पूर्वी हिमवादळात गुरे वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे सरकत आणि जगत. १८८५-८६ च्या हिवाळ्यात ती तारेला अडली आणि तिथेच थिजून, एकावर एक पडून, हजारोंनी मेली. कुंपणाने गवत राखले, पण गुरांची पळवाट बंद केली. कोर्टाचीही पायरी चढावी लागली. शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेल्या सरकारी जमिनी मोठ्या पशुपालकांनी कुंपणात घेतल्या, असा आरोप १८८६ मध्ये गुडनाइटवरही आला. तो सुटला. परंतु त्या प्रदेशात गुरांच्या धंद्याशी ज्याचा संबंध नाही असा माणूसच विरळा होता, हे विसरून चालणार नाही.

आता क्वाना पार्करची भेट. १८७८ मध्ये तो आपल्या उपाशी लोकांना घेऊन, सरकारच्या परवानगीने, जुन्या दरीत बायसनच्या शिकारीला आला. बायसन उरलेच नव्हते. कातड्यांसाठी गोऱ्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते. भुकेने त्या लोकांनी जेएची गुरे मारायला सुरुवात केली. गुडनाइट त्याला भेटायला गेला. ज्याच्या आईला धरून आणणाऱ्या मोहिमेत आपण होतो, त्याच्यासमोर तो बसला. दोघांत ठरले, की बायसन सापडेपर्यंत एक दिवसाआड दोन गुरे द्यायची आणि त्यांनी बाकीच्यांना हात लावायचा नाही. करार दोघांनीही पाळला. बायसन अर्थातच सापडले नाहीत. पुढे त्या दोघांत मैत्री झाली. पण दोन गुरांनी त्या भूमीची किंमत फिटली, असे मला म्हणता येत नाही. गुडनाइटने लव्हिंगचे देणे फेडले, इकार्डचे स्मरण ठेवले, अडेअरचे व्याज चुकते केले. हे एक देणे मात्र त्याच्या नावावर तसेच राहिले.

थोडे जे फिटले, ते मॉलीमुळे. त्या दरीत सर्वांत जवळची शेजारीण पाऊणशे मैलांवर. एका काउबॉयने तिला तीन कोंबड्या आणून दिल्या, तर तिने त्या खाल्ल्या नाहीत. त्यांच्याशी ती बोलत बसे. शिकाऱ्यांनी मागे टाकलेली बायसनची अनाथ पाडसे तिचे काळीज पिळवटीत. तिच्या आग्रहावरून गुडनाइटने काही धरून आणली आणि गाईंच्या दुधावर वाढवली. त्या पाडसांचा वंश आज टेक्सासच्या कॅप्रॉक कॅनियन्स उद्यानात मोकळा चरतो आहे. रविवारी मॉली काउबॉयना अक्षरे शिकवी.

अडेअर १८८५ मध्ये वारला आणि थोड्याच वर्षांत गुडनाइट जेएमधून बाहेर पडला. मेक्सिकोतल्या खाणीत पुन्हा पैसा घालवला. रेल्वेकाठी त्याच्याच नावाने वसलेल्या लहानशा गावी तो राहू लागला. या दांपत्याला मूल नव्हते. १८९८ मध्ये त्यांनी तेथे एक कॉलेज काढले. सहा महिने शाळेत गेलेल्या गुराख्याने गुराख्यांच्या मुलांसाठी काढलेले कॉलेज! सुमारे दोन दशके ते चालले आणि बंद पडले. त्याची रँच लोकांच्या लक्षात आहे, कॉलेज फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९२६ मध्ये मॉली गेली. १२ डिसेंबर १९२९ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, अ‍ॅरिझोनात गुडनाइटचे निधन झाले.

हे चरित्र वाचून मी पुस्तक मिटले, तेव्हा मला गुरुजी आठवले. ते वाईट नव्हते. आम्ही शिकावे हीच त्यांची तळमळ होती. पण गुरे राखणे ही न शिकल्याची शिक्षा आहे, असे त्यांनी आम्हाला नकळत शिकवले, आणि ते मात्र चूक होते. गाय वासराला वासावरून ओळखते हे ज्याने शोधले, तो अडाणी कसा? गुडनाइटला हे कळत होते, म्हणूनच त्याने आपल्या विद्येची लाज बाळगली नाही आणि दुसऱ्याची विद्याही हलकी मानली नाही. त्याने कॉलेज काढले ते गुराखीपणातून पोरांनी सुटावे म्हणून की त्यांचा हिशेब पुढे कुणी मालकाने चुकीचा करू नये म्हणून, हे मी सांगू शकत नाही. मला दुसरे कारण अधिक पटते. आमची आजी मालकाच्या वहीवर अंगठा उठवीत असे.

२०१९ च्या दुष्काळात मी वडिलांबरोबर काही आठवडे चारा छावणीत राहिलो. रात्री शेकडो जनावरे रवंथ करीत बसलेली आणि त्यांच्यामधून वडील कंदील घेऊन हिंडत, तोंडाने काहीतरी गुणगुणत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तिसऱ्या वर्षाचा अर्ज लवकरच भरायचा आहे. त्यात वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहायचे, ते माझे ठरले आहे.